काळा दगड ओळखताना उत्तर पुन्हा पुन्हा का चुकते? ठाणे-नवी मुंबई परिसरासाठी तपासणीचा क्रम

पारसिकच्या डोंगरावर, खारघरच्या पायथ्याशी किंवा मुंब्र्याच्या उतारावर भटकताना एखादा काळा, हाताला जड लागणारा आणि आजूबाजूच्या दगडांपेक्षा जरा निराळा दिसणारा दगड सापडतो. मोबाइलमधले ओळख सांगणारे ॲप त्याला उल्का ठरवते, कोन बदलून दुसरा फोटो दिला की ऑब्सिडियन (लाव्हाची नैसर्गिक काच) म्हणते आणि उन्हात धरून तिसरा दिला की हेमॅटाइट हे लोहखनिज. एखाद्या जाणत्याला विचारावे, तर ‘बेसाल्ट असणार, दुसरे काय’ असे उत्तर दगड हातात न घेताच मिळते. (बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून बनलेला बारीक कणांचा काळा खडक.) ते उत्तर बहुतेक वेळा बरोबरही असते. पण ते का बरोबर आहे हे न कळल्यामुळे पुढच्या खेपेस वेगळा दगड सापडला की तोच गोंधळ पहिल्यापासून सुरू होतो.

गोंधळाचे मूळ तपासणीच्या क्रमात आहे. काळा रंग, चुंबकाची ओढ आणि जडपणा या तीन खुणा सर्वत्र सांगितल्या जातात. जिथला स्थानिक खडक फिकट, हलका आणि चुंबकाला दाद न देणारा असतो, तिथे त्या उपयोगी पडतात. वाळवंटात किंवा चुनखडीच्या प्रदेशात काळा, जड, चुंबकाकडे ओढला जाणारा दगड खरोखरच उपरा ठरण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे मात्र घरचाच खडक काळा आहे, जड आहे आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असल्यामुळे चुंबकालाही तो थोडाफार प्रतिसाद देतो. या तिन्ही कसोट्या लावून आपण फार तर एवढेच सिद्ध करतो, की आपण दख्खनच्या लाव्हाथरांवर उभे आहोत. म्हणून येथे क्रम बदलावा लागतो: आधी जागा, मग ताजा भंग (दगड फोडल्यावर उघडा पडणारा आतला भाग), त्यानंतर घनता आणि चुंबक जवळजवळ शेवटी.

जागा: हा दगड इथलाच आहे का?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अनेक टप्प्यांत झालेल्या उद्रेकांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्याने व्यापलेले क्षेत्र आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. पारसिक, मलंगगड, माथेरान आणि खारघरचे डोंगर हे त्याच थरांचे झिजून उरलेले भाग आहेत. कल्याण-पनवेल पट्ट्यात हे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात. भूशास्त्रज्ञ या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. त्यामुळे डोंगराच्या अंगावर उघड्या पडलेल्या खडकातून सुटलेला दगड बेसाल्ट किंवा त्याचा भाऊबंद असणार, हे गृहीत धरून सुरुवात करणे योग्य ठरते. वेगळे काही आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो.

मात्र हा नियम डोंगरापुरता आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाल्यानंतर नवी मुंबईचे बरेचसे सखल नोड (वसाहती) मिठागरे, पाणथळ आणि खाजण जमिनींवर भराव टाकून उभे राहिले आणि त्या भरावात डोंगर फोडून आणलेल्या मुरमापासून पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यापर्यंत सर्व काही आहे. ठाण्याच्या खाडीकाठची परिस्थितीही फारशी वेगळी नाही. खाडीकिनारी, रेल्वेमार्गालगत, मोकळ्या प्लॉटवर किंवा रस्त्याच्या कडेला सापडलेला दगड तिथे कसा आला हे दगडाकडे पाहून सांगता येत नाही, आणि जागेवरून निष्कर्ष काढण्याची सोयही तिथे उरत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखाने आहेत, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते.

म्हणून दगड उचलण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. जवळपास उघडा, जमिनीशी जोडलेला खडक आहे का? सापडलेला दगड त्या खडकाशी रंगाने आणि पोताने जुळतो का? तसेच आणखी तुकडे आसपास विखुरले आहेत का, की हा एकटाच आहे? आणि आजूबाजूच्या मातीत विटांचे, सिमेंटचे, लादीचे, डांबराचे तुकडे दिसतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तो दगड भरावातला समजून पुढे जावे. जागेचा एक फोटो दूरून आणि एक जवळून काढून ठेवावा, कारण घरी आल्यावर आठवणारी जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत पुष्कळ अंतर पडते.

येऊरच्या बाजूचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. तिथे दगड फोडू नये आणि उचलूनही आणू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातील खडक आणि खनिजेसुद्धा वनोपजात धरली जातात. फोटो, मोजमाप आणि भिंगातून निरीक्षण एवढ्यावर तिथे भागवावे. पारसिकच्या उतारावरील जुन्या दगडखाणींबद्दल इतकेच, की तिथले उभे कडे सुरुंगांनी सैल झालेले असतात आणि पावसाळ्यात खाणीत साठलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही.

ताजा भंग: बाहेरचे रूप विसरावे

फोटोवरून ओळख फसते त्याचे मुख्य कारण हे, की फोटोत दगडाची साल दिसते, दगड दिसत नाही. कोकणच्या पावसात बेसाल्टमधील लोहयुक्त खनिजे गंजतात आणि पृष्ठभागावर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीचे तपकिरी, तांबूस किंवा पिवळसर कवच तयार होते. कधी त्यावर मँगनीजच्या ऑक्साइडचा काळा, चकचकीत लेप चढतो, तर कधी शेवाळ वाळून काळी पुटे राहतात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थराथराने सुटत जाणारे गोल गोटे हा तर आपल्या डोंगरांतला नेहमीचा प्रकार; त्या गोट्याचा आतला गाभा घट्ट आणि काळा राहतो आणि पापुद्रे गळून गेल्यावर तो गोल गाभा जणू कुठून तरी येऊन पडल्याचा भास होतो. पारसिक-खारघर भागात ‘उल्का’ म्हणून जपून ठेवलेले अनेक दगड या जातीचे असतात, असे माझे मत आहे.

दगडाचा एक कोपरा फोडावा. डोळ्यांना चष्मा हवाच. बेसाल्टची कपची सुरीइतकी धारदार असते आणि ती कोणत्या दिशेला उडेल याचा भरवसा नसतो. दगड जाड गोणपाटात गुंडाळून, कडेवर एकच नेमका घाव घालावा. घरातली खिळे ठोकायची हातोडी या कामाला वापरू नये, कारण तिच्या पोलादाचाच तुकडा उडू शकतो. दगडकामाची हातोडी किंवा छोटा घण वापरावा.

आता ताजा भाग उन्हात धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावा. भिंग डोळ्याला टेकवून दगड जवळ आणायचा असतो. बहुतेकजण भिंग दगडाजवळ धरून दूरून बघतात आणि मग काहीच दिसले नाही अशी तक्रार करतात. ताजा बेसाल्ट करडा-काळा, किंचित निळसर छटेचा आणि इतका बारीक कणांचा असतो, की भिंगातूनही वेगवेगळे स्फटिक क्वचितच ओळखू येतात. अधूनमधून फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या, लांबट पट्ट्या चमकतात; दगड हातात फिरवला की एखादी पट्टी क्षणभर आरसा पाडते आणि पुन्हा विझते. ऑलिव्हिन या खनिजाचे कण असतील, तर ते हिरवट किंवा कुजून लालसर तपकिरी झालेले दिसतात. संपूर्ण भंगभर फिकट पट्ट्या आणि काळे कण यांचे जाळे स्पष्ट दिसत असेल, तर तो डोलेराइट असण्याचा संभव आहे. लाव्हा जमिनीखालच्या भेगेत हळूहळू थिजला की हा भरड कणांचा खडक तयार होतो. भेगेत अशा थिजलेल्या खडकाच्या उभ्या भिंतीला भूशास्त्रात डाईक म्हणतात आणि कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण पसरलेले असे डाईक पुष्कळ आहेत. डाईकमधला दगड भोवतालच्या बेसाल्टपेक्षा कणखर असल्यामुळे उठून दिसतो आणि त्याचे सुटे तुकडे ‘वेगळा दगड’ म्हणून लोक घरी आणतात. तो वेगळा आहेच, पण परका नाही.

पोकळ्यांकडे नीट पाहावे, कारण नेहमीच्या दगडांतली निम्मी प्रकरणे येथेच मिटतात. लाव्हा थिजताना त्यातले वायू अडकून बेसाल्टमध्ये पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षे झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे साचवलेली असतात: पांढरे किंवा गुलाबीसर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीचे कॅल्सेडोनी, भिंतीला पातळ थराने चिकटलेले हिरवे सेलाडोनाइट किंवा क्लोराइट. मुंबईच्या उपनगरांतील जोगेश्वरी आणि कांदिवली येथील खाणी तर प्रेहनाइट व इतर खनिजांच्या नमुन्यांसाठी जगभरच्या संग्राहकांत ओळखल्या जातात. पोकळीच्या भिंतीवर असे खनिज घट्ट वाढलेले दिसले, तर तो दगड नैसर्गिक आणि जुना आहे. धातुमळीचा (भट्टीतल्या थिजलेल्या मळाचा) आणि उल्केचा प्रश्न तिथेच संपतो. त्यातला हिरवा थर पाहून ‘तांब्याचे खनिज’ मिळाल्याचा आनंद मात्र करू नये.

घनता: स्वयंपाकघरातील काट्यावर

‘जड वाटतो’ या शब्दांना काही अर्थ नाही, कारण माणसाचा हात आकाराने फसतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, पाण्याचे प्लास्टिकचे भांडे आणि दोरा एवढ्यावर घनता काढता येते. आधी कोरडा दगड तोलावा. मग पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा. तो तळाला किंवा भांड्याच्या बाजूला टेकता कामा नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान असते. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

समजा, दगडाचे वजन ६४२ ग्रॅम आहे आणि तो बुडवल्यावर काटा २२१ दाखवतो, तर घनता सुमारे २.९ येते. घट्ट, ताज्या बेसाल्टची घनता साधारण २.८ ते ३.० असते, तेव्हा हा दगड निमूटपणे घरच्या खडकांत बसतो. ३८७ ग्रॅमचा दगड बुडवल्यावर काटा १६१ दाखवत असेल, तर घनता २.४ होते, एवढी कमी घनता पोकळ्यांच्या बेसाल्टला शोभते, कुजलेल्या बेसाल्टलाही शोभते आणि काचेलाही. म्हणून या आकड्याचा अर्थ ताज्या भंगाशेजारी ठेवूनच लावावा. पोकळ्यांचा दगड पाण्यात सोडल्यावर बुडबुडे येत राहिले, तर ते थांबेपर्यंत वाट पाहून आकडा घ्यावा.

आकडा ३.३ ते ३.७ च्या दरम्यान आला, तर प्रकरण गंभीरपणे घ्यावे. सर्वसाधारण दगडी उल्का याच पट्ट्यात येतात. पण लोखंडाचे थेंब अडकलेली धातुमळीही याच पट्ट्यात येते आणि आपल्या औद्योगिक परिसरात तिची शक्यता कितीतरी अधिक आहे. पाचच्या आसपासची घनता हेमॅटाइट किंवा मॅग्नेटाइट सुचवते. साडेसातच्या वर गेलेला तुकडा धातूचाच असतो, आणि तो बहुतेकदा एखाद्या यंत्राचा तुटलेला, गंजलेला भाग निघतो. उलट दीडच्याही खाली घनता आली, हाताला काळे लागले आणि कपची सहज निघाली, तर तो दगडी कोळसा आहे. त्यावर अधिक वेळ घालवू नये.

कस आणि कठीणपणा

कस म्हणजे दगड खरखरीत, पांढऱ्या पृष्ठभागावर घासल्यावर उठणाऱ्या रेघेचा रंग. तो पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेतली पट्टी हवीच असे नाही; भिंतीच्या टाइलची झिलई नसलेली मागची बाजू किंवा चहाच्या कपाच्या तळाची खरखरीत कड पुरते. हेमॅटाइट बाहेरून कितीही काळे असले, तरी त्याचा कस विटकरी तांबडा उठतो, आणि ही खूण फसवत नाही. मॅग्नेटाइटचा कस काळा येतो. ताजा बेसाल्ट एक तर कस देत नाही किंवा फिकट करडी रेघ सोडतो. येथे एक सापळा आहे: बेसाल्टची गंजलेली साल टाइलवर घासली की तपकिरी-पिवळी रेघ उठते आणि माणूस लोहखनिज सापडल्याचे जाहीर करून मोकळा होतो. कस नेहमी ताज्या भंगाचाच घ्यावा.

कठीणपणासाठी जुन्या पुस्तकांत तांब्याचे नाणे सांगितलेले असते. हल्लीची आपली नाणी बहुतांशी पोलादाची असल्यामुळे वायरमनकडून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा मागून घेणे सोयीचे पडते. कठीणपणाच्या १ ते १० या मोहस श्रेणीत तांब्याची तार सुमारे ३, चाकूचे पाते किंवा काच सुमारे ५.५ आणि गारगोटी ७ असा हिशेब ठेवावा. ताज्या बेसाल्टवर चाकू सहसा ओरखडा पाडत नाही, उलट पात्याची धातुरेषा दगडावर राहते. ती रेषा म्हणजे ओरखडा नव्हे, ओल्या बोटाने पुसून खात्री करून घ्यावी. पोकळीतील पांढरे खनिज काचेवर ओरखडा पाडत असेल, तर ते कॅल्सेडोनी किंवा गारगोटी. चाकूने सहज कोरले गेले आणि त्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. झिओलाइटवर असे बुडबुडे येत नाहीत. संडास साफ करायचे ॲसिड या कामी वापरू नये. थेंबभर व्हिनेगर पुरते.

चुंबक: शेवटी आणि सावधपणे

बिघडलेल्या इअरफोनमधला किंवा जुन्या हार्ड डिस्कमधला चुंबक फार शक्तिमान असतो आणि तो साध्या बेसाल्टलाही हलके चिकटतो. म्हणून ‘चिकटतो की नाही’ हा प्रश्न आपल्याकडे निरुपयोगी आहे. ‘किती जोराने ओढला जातो’ हा प्रश्न उपयोगी आहे. छोटा चुंबक वीतभर दोऱ्याला टांगावा आणि दगड बाजूने हळूहळू जवळ न्यावा. त्याच डोंगरावरचा एक खात्रीचा बेसाल्टचा तुकडा आधी असाच जवळ नेऊन पाहिला, तर तुलनेला माप मिळते. दोन्हींची ओढ सारखीच असेल, तर चुंबकाने काहीही नवे सांगितलेले नाही. संशयित दगडाची ओढ ठळकपणे अधिक असेल, दोरा चांगलाच तिरपा होत असेल, तर दगडात सुटे लोखंड किंवा भरपूर मॅग्नेटाइट आहे.

दगड खरोखरच उल्का असल्याची दाट शंका असेल, तर मात्र त्याला शक्तिमान चुंबक लावणे टाळावे. त्यातली मूळ चुंबकीय नोंद अशा स्पर्शाने पुसली जाते आणि ती अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची असते.

सर्वाधिक फसवणारे तुकडे

आपल्या परिसरात नैसर्गिक दगडांपेक्षा भट्टीतून निघालेले तुकडे लोकांना अधिक चकवतात, म्हणून त्यांची ओळख सविस्तर देतो.

धातुमळी, म्हणजे लोखंड-पोलाद वितळवताना वर आलेला आणि थिजलेला मळ. हिचा बाहेरचा भाग ओघळलेला, सुरकुतलेला किंवा गुळगुळीत दिसतो आणि फोडल्यावर आतून काचेची चमक येते. पातळ कडेवरून उजेड आरपार आला, तर तो हिरवट, निळसर किंवा तपकिरी दिसतो. पोकळ्या पुष्कळ असतात, एकाशेजारी एक लहान-मोठ्या, आणि त्यांच्या भिंती तुकतुकीत व रिकाम्या असतात. बेसाल्टच्या पोकळीची भिंत खरखरीत, निस्तेज आणि बहुधा कसल्या तरी खनिजाने सारवलेली असते, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा शंका येत नाही. भिंगातून धातूचे गोल थेंब, त्यांच्याभोवती नारिंगी गंजाचे वलय, कोक किंवा विटेचा अडकलेला कण, कधी तेलकट इंद्रधनुषी झाक दिसते. उघड्यावर पडलेल्या मळीवर चुन्याचा पांढरा पापुद्रा धरतो. त्याला पोकळीत वाढलेले खनिज समजू नये, तो नखाने खरवडला जातो.

रेल्वेलगत सापडणारा हलका, सच्छिद्र, काळा-करडा तुकडा बहुधा कोळशाच्या राखेचा क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला खडा असतो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि मुंबईत विजेची गाडी १९२५ मध्ये आली. मधल्या सात दशकांत कोळशाच्या इंजिनांतून निघालेला हा क्लिंकर मार्गाच्या कडेला आणि भरावात गेला असणे स्वाभाविक आहे. रुळांखालची खडी मात्र साधा फोडलेला बेसाल्ट आहे. तिच्यावर चढलेल्या लोखंडाच्या धुळीमुळे ती तांबूस दिसते आणि चुंबकाला वाजवीपेक्षा अधिक दाद देते, तेव्हा आधी ती धुऊन घ्यावी.

भिवंडी, कल्याण, दिवा या बाजूला वीटभट्ट्या पुष्कळ. भट्टीत जास्त तापून वितळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या विटांचा खंगर बाहेरून काळाभोर, फुगलेला आणि काचेसारखा लकाकणारा असतो. फोडला की कुठे ना कुठे आत विटेचा लाल रंग निघतोच.

घरबांधणीतले दगडही भरावात येतात. ओट्याच्या, फळीच्या कडप्प्याचा तुकडा काळा, सपाट आणि चाकूने कोरला जाणारा असतो. तो चुनखडीच्या जातीचा असल्यामुळे त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि त्याची एखादी बाजू करवतीने कापलेली, घोटलेली आढळते. जांभ्याचा चिरा जुना झाला की बाहेरून काळा पडतो आणि त्याच्या नळ्यानळ्यांच्या पोकळ्या पाहून लोक बुचकळ्यात पडतात. फोडल्यावर लाल-पिवळा रंग दिसला की शंका फिटते. माथेरानच्या माथ्यावर जांभा नैसर्गिकरीत्याही आहे.

काळ्या काचेच्या तुकड्याबद्दल एक वाक्य पुरे: ऑब्सिडियन सिलिकाचे प्रमाण भरपूर असलेल्या लाव्हातून बनते, आपल्या डोंगरांतला लाव्हा तसा नाही, म्हणून असा तुकडा भट्टीतला किंवा बाटलीचा समजून चालावे. भेगेच्या सपाट पृष्ठभागावर उमटलेली नेचाच्या पानांची काळी नक्षीही जीवाश्म नव्हे. मँगनीजचे ऑक्साइड भेगेतल्या पाण्यातून फांद्याफांद्यांनी साचते आणि तशी नक्षी तयार होते. सहा बाजूंचा खांब किंवा त्याचा तुकडा कोणी कोरलेला नसतो. लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांमुळे तो आकार येतो, आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल ही अशाच खांबांची बनलेली आहे.

उल्केची शक्यता कधी धरावी

वरच्या सर्व पायऱ्या ओलांडूनही दगड उरला, म्हणजे पोकळ्या मुळीच नाहीत, घनता ३.३ च्या वर आहे, चुंबकाची ओढ शेजारच्या बेसाल्टपेक्षा ठळकपणे अधिक आहे आणि परिसरात भट्टीचा मागमूस नाही, तर उल्केचा विचार करावा. उल्केवरचे वितळकवच (वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून बनलेला काळा थर) एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि आतला दगड बहुतेकदा त्याहून फिकट, करडा निघतो. बेसाल्टमध्ये नेमके उलटे असते: साल फिकट तपकिरी आणि गाभा काळा. घासून सपाट केलेल्या भागावर धातूचे चंदेरी कण विखुरलेले दिसणे आणि लहान गोल दाणे दिसणे, या दोन खुणा दगडी उल्केच्या बाजूने बोलतात. पृष्ठभागावर अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे असणे ही खूण मात्र एकट्याने विश्वासार्ह नाही, कारण झिजलेल्या बेसाल्टवरही तसे खळगे पडतात.

लाव्हाथरांच्या प्रदेशात उल्का सापडतच नाहीत असे नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी उल्कापात झाला आणि त्याचे तुकडे गोळा झाले. पण तिथे आकाशातला प्रकाश आणि आवाज लोकांनी अनुभवला होता आणि तुकडे ताजे होते. काळ्या दगडांच्या डोंगरात, कोकणच्या पावसात वर्षानुवर्षे पडून राहिलेली उल्का नजरेने वेगळी काढणे फार अवघड असते, कारण तिच्यातले लोखंड गंजून तिचे कवच आणि बेसाल्टची साल एकसारखी दिसू लागते. म्हणून ज्या दगडाची बाजू फक्त दिसण्यावर उभी आहे, त्याला मी तरी बेसाल्टच धरतो.

जाणकाराकडे नेताना

मुंबईत आयआयटीचा भूविज्ञान विभाग आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्याला आणि मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. उल्केची शंका असेल, तर सर्वेक्षण संस्थेला कळवणे हा योग्य मार्ग होय. आधी फोन किंवा ईमेलने विचारल्याशिवाय दगड घेऊन दारात उभे राहू नये.

विचारताना ‘हा दगड कोणता?’ एवढेच लिहून फोटो पाठवला, तर उत्तरही तेवढ्याच मोलाचे येते. सापडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीशी जोडलेला खडक जवळ होता की भराव होता, कोरडे वजन, बुडवल्यावरचा आकडा आणि त्यावरून काढलेली घनता, ताज्या भंगाचा कस, चाकूला दिलेला प्रतिसाद, शेजारच्या बेसाल्टच्या तुलनेत चुंबकाची ओढ, हे सर्व द्यावे. फोटो तीन असावेत: बाहेरची बाजू, ताजा भंग आणि भंगाचा भिंगातून घेतलेला जवळचा. फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. फ्लॅशमुळे साधा बेसाल्टही धातूसारखा चमकतो. दगडाला पाणी, तेल किंवा पॉलिश लावून फोटो काढण्याची पद्धत तर पूर्ण सोडून द्यावी; ओल्या दगडाचा रंग गडद होतो आणि पोत झाकला जातो.

नक्की निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते. त्यासाठी दगड कापून काचपट्टीवर चिकटवतात आणि जाडी ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून आणतात. इतक्या पातळ छेदातून प्रकाश आरपार जातो आणि फेल्डस्पार, पायरॉक्सिन, ऑलिव्हिन वेगवेगळे ओळखू येतात. या कामात नमुन्याचा काही भाग खर्ची पडतो, म्हणून दगडाचे दोन तुकडे करून मोठा घरी ठेवावा आणि अक्रोडाएवढा, एक बाजू ताजी व एक बाजू सालीसह असलेला तुकडा पाठवावा. दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर पक्क्या शाईने लिहावा आणि तोच क्रमांक जागेच्या फोटोलाही द्यावा.